नकाशावरील रेघ

संगणकाच्या नकाशावर बोटाने कडे काढावे आणि त्यात पडलेल्या गावांची यादी क्षणात समोर यावी, ही सोय सांप्रत आमच्या नातवंडांच्या हाती आली आहे. व्यापारास आणि दानधर्मास ती खचित उपयोगी आहे. परंतु रेघेने केलेल्या निवडीचे मोल आम्ही कोगनोळीकर पुरते जाणतो. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली. शेजारचे कागल मुंबई राज्यात राहिले, आम्ही म्हैसूर राज्यात गेलो. १९६७ साली महाजन आयोगाने निपाणी महाराष्ट्रास देण्याची शिफारस केली, तीही अमलात आली नाही.

संगणकही सांगितले तेवढेच पाहतो. गावाची खूण म्हणून एकच बिंदू धरला असेल, तर तो कड्याबाहेर पडताच सारे गाव वगळले जाते, मग निम्मी वस्ती आत का असेना. उलट गावाची हद्द धरली, तर कड्यास नुसते चाटून गेलेले गावही यादीत येऊ शकते. ऑगस्ट २०१९ सारख्या महापुरात धान्य वाटावयाचे झाल्यास, दूधगंगा-वेदगंगेकाठची एखादी दूरची वस्ती अशा चुकीने उपाशी राहील.

म्हणून सभासद बंधूंस आमची विनंती आहे: कडे अवश्य काढावे, पण आलेली यादी खातेवहीशी ताडावी, आणि कड्याबाहेर राहिलेल्या लगतच्या गावांची नावेही एकदा वाचावीत. माप खोटे पडले तर दोष मापाचा नव्हे, मापणाऱ्याचा असतो. रेघेचेही तसेच आहे.