घोरणं मध्येच थांबलं, तर उठून बघा

घोरतोय म्हणजे गडी गाढ झोपलाय, ही समजूत आपल्या नगर जिल्ह्यात घरोघरी आहे. ती आजच्या आज सोडा. गळीत हंगाम तोंडावर आलाय. संगमनेर, कोपरगाव, राहुरी, नेवासे, शेवगावच्या रस्त्यांवर आता रात्र-रात्र उसाच्या ट्रॉल्या धावणार, आणि नगर-मनमाड रस्त्यावर त्यांच्या जोडीला शिर्डीच्या गाड्या. यातल्या काही चालकांची झोप रोज रात्री शेकडो वेळा मोडत असेल, आणि त्यांना त्याचा पत्ताही नसेल.

म्हणून हे आवाहन आधी त्यांच्याशेजारी झोपणाऱ्यांना आहे: बायकोला, आईला, क्लीनरला, कारखान्यावर गाडी नंबरला लावून शेजारी आडव्या होणाऱ्या जोडीदाराला.

घोरणं चढत जातं आणि एकदम बंद पडतं. घरच्यांना वाटतं, चला, सुटलो एकदाचे! नेमकं तेव्हाच बॅटरी लावून बघा. छाती-पोट हलतंय, पण नाकाशी हात धरला तर वारा लागत नाही. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहून जास्त. मग मोठा हिसका देऊन श्वास सुटतो, माणूस कूस बदलतो आणि पुन्हा घोरायला लागतो. हा स्लीप ॲप्निया. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे जाते, श्वासाची वाट बंद होते. रक्तातला ऑक्सिजन उतरला की मेंदू त्याला क्षणभर जागं करतो. सकाळी त्यातलं काही आठवत नाही. तासाला पाच वेळा असं झालं तरी तो आजार धरतात. तिसाच्या वर गेलं तर आजार तीव्र, म्हणजे दर दोन मिनिटांना एकदा. मग आठ तास झोपलेला माणूस डोकं धरून उठतो आणि स्टिअरिंगवर पेंगतो. गोळ्या घेऊनही बीपी उतरत नसेल, तर त्यामागेही हे असू शकतं. संगीतकार बप्पी लाहिरी १५ फेब्रुवारी २०२२ रोजी मुंबईत गेले, तेव्हा डॉक्टरांनी हाच आजार कारण म्हणून सांगितला होता.

आज रात्रीच मोबाइलवर दोन-चार मिनिटांचा व्हिडिओ काढा. ग्रुपवर टाकून हसायला नव्हे, डॉक्टरांना दाखवायला. नगरचं जिल्हा रुग्णालय, विळद घाट किंवा लोणीचं रुग्णालय, जे जवळ असेल तिथे कान-नाक-घसा विभागात जा आणि झोपेच्या तपासणीचं विचारा. बायकांनो, तुमचंही बघा. पाळी गेल्यावर हा धोका वाढतो, पण बाईचं घोरणं लाजेपोटी लपवतात आणि थकवा कामाच्या माथी मारतात. तोंड उघडं टाकून घोरणाऱ्या लहान मुलाचे टॉन्सिल तपासून घ्या.

जाड मान आणि सुटलेलं पोट असेल तर वजन उतरवल्याने फरक पडतो. उताणं झोपू नका, कुशीवर झोपा. खेप संपल्यावर शीण जावा म्हणून घेतलेली क्वार्टर घसा आणखी सैल करते, आणि मनाने घेतलेली झोपेची गोळीही काही कमी नाही. आजार जास्त असेल तर सीपॅप मशीन लागतं. ऑस्ट्रेलियाच्या डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये ही पद्धत जगापुढे आणली. मास्कमधून दाबाने हवा सोडून घसा उघडा ठेवायचा, एवढंच तिचं काम. सुरुवातीला मास्क टोचतो, नको वाटतो. म्हणून मशीन कपाटात टाकू नका, मास्क बदलून घ्या.

शेवटचं कारखान्यांच्या संचालकांना, वाहतूक ठेकेदारांना आणि मुकादमांना. चालकांच्या डोळ्यांची तपासणी होते तिथेच घोरण्याचे, दिवसा पेंगण्याचे चार प्रश्न विचारा. मात्र खरं सांगणाऱ्याला घरी बसवलं, तर दुसरा कुणी तोंड उघडणार नाही. उपचार सुरू होऊन डॉक्टर हो म्हणेपर्यंत त्याला गाडी देऊ नका, पण काट्यावर, यार्डात दुसरं काम द्या आणि त्याची रोजी चालू ठेवा.