चढाईचा गडी कोठून आणावा?

यंदा आमच्या शाळेच्या कबड्डी संघापुढे जो प्रश्न उभा राहिला आहे, त्याविषयी पालकांत, माजी विद्यार्थ्यांत आणि शिक्षकांच्या खोलीतही पुष्कळ बोलणे झाले. सतरा वर्षांखालील संघाचा मुख्य चढाईचा गडी गेल्या जून महिन्यात शाळा सोडून एका दूरच्या शहरातील संस्थेत गेला. तेथे त्यास फी माफ आहे, राहण्याजेवणाची सोय आहे, आणि वडिलांच्या हाती काही रक्कमही पडली असे ऐकिवात आहे. आता त्याची जागा कोणी घ्यावयाची? आमच्या काही हितचिंतकांनी सुचविले की, शेजारच्या तालुक्यातील एक नावाजलेला मुलगा नववीत आणावा. त्याच्या खर्चाची वर्गणी ते आपसांत करतील. सूचना सद्भावनेची आहे, आणि म्हणूनच तिला सविस्तर उत्तर देणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. ती स्वीकारू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ज्या वडीलधाऱ्यांनी हा खेळ हुतूतू या नावाने मातीत खेळला, त्यांस चढाईच्या गड्याची थोरवी सांगावयास नको. सात गडी समोर उभे, तीस सेकंदांची मुदत, आणि एकट्याने मध्यरेषा ओलांडून परत यावयाचे. पकड करणारे चौघे चांगले असले तरी गुण आणणारा एक नसेल, तर संघ हातपाय बांधल्यासारखा होतो. तेव्हा तो गेल्यावर हितचिंतक अस्वस्थ झाले, यात नवल नाही. अस्वस्थ आम्हीही झालो. परंतु अस्वस्थ माणसाने बाजारात जाऊ नये, असे घरातील वडील माणसे म्हणतात ते खोटे नव्हे.

आणि कबड्डीचा बाजार आता खरोखरच भरतो. १९३६ साली बर्लिन येथे अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या तरुणांनी जो खेळ जगास दाखविला, त्याच खेळाचे गडी २०१४ साली प्रो कबड्डी स्पर्धा सुरू झाल्यापासून लिलावात घेतले जातात. आम्ही लिलावास नाके मुरडीत नाही. प्रौढ खेळाडूने आपल्या अंगमेहनतीचा मोबदला घ्यावा, त्याने घर बांधावे, बहिणीचे लग्न करावे, यात गैर काय आहे? पण लिलावाने संघ बांधला जातो काय, हे पाहावयाचे असेल तर आपल्याच महाराष्ट्रातील दोन संघांची हकीकत ध्यानात घ्यावी.

कोल्हापूर जिल्ह्याच्या चंदगड तालुक्यातील सिद्धार्थ देसाई हा तरुण २०१८ साली यू मुंबा संघाने ३६ लाख ४० हजार रुपयांस घेतला. त्या आधी त्याचे नाव फारसे कोणास ठाऊक नव्हते. पहिल्याच हंगामात त्याने चढाईचे दोनशेहून अधिक गुण मिळविले. झाले! पुढच्या वर्षीच्या लिलावात तेलुगू टायटन्सने १ कोटी ४५ लाख रुपये मोजून त्यास नेले. म्हणजे गडी ओळखला मुंबईने, मैदानात उभा केला मुंबईने, आणि फळ गेले हैदराबादेस. पुढे २०२१-२२ च्या हंगामात दुखापतीने त्यास बाहेर बसावे लागले, तेव्हा टायटन्सचीही तीच अवस्था झाली.

याहून बोधक गोष्ट मुंबईच्या त्याच संघातील दुसऱ्या एका गड्याची आहे. उत्तर प्रदेशचा अर्जुन देशवाल हा त्या काळी याच संघात होता. परंतु त्याच्याकडे संघाची मदार नव्हती. २०२१ साली जयपूरने त्यास ९६ लाख रुपयांस घेतले. २०२२ च्या हंगामात जयपूर विजेते झाले, आणि साऱ्या स्पर्धेत चढाईचे सर्वाधिक गुण देशवालचे होते. सिद्धार्थनंतर कोण, या प्रश्नाचे उत्तर मुंबईच्या स्वतःच्या बाकावर बसलेले होते, असे आता म्हणणे सोपे आहे हे आम्ही जाणतो. तरीही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

पुण्याच्या संघाची कथा निराळी. अहिल्यानगर हा आपला शेजारचा जिल्हा. तेथील ग्रामीण भागातून आलेला असलम इनामदार २०२१-२२ च्या हंगामात पुणेरी पलटणमध्ये नवा होतकरू खेळाडू म्हणून आला. संघाने त्यास वाढविले, पुढे कर्णधार केले, आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरियाणाचा २८-२५ असा पराभव करून पलटणने प्रथमच अजिंक्यपद मिळविले. याच संघाने त्या हंगामासाठी इराणचा महंमदरेझा शादलू याला २ कोटी ३५ लाख रुपये दिले होते, हेही सांगितले पाहिजे. नाहीतर आम्ही सोयीचे तेवढे सांगतो असा आरोप येईल. त्या विजयात शादलूचा वाटा मोठा होता. पण पुढील लिलावात तो हरियाणाकडे गेला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये अजिंक्यपदही हरियाणाकडे गेले. पुण्याकडे उरला कोण? ज्यास त्यांनी घरात वाढविले होते तो असलम. २०२५ च्या हंगामात त्याच्याच नेतृत्वाखाली पलटण पुन्हा अंतिम सामन्यापर्यंत पोहोचली; तेथे दिल्लीने तिला थोडक्यात हरविले.

कोणी म्हणेल, ही धंदेवाईक मंडळींची उदाहरणे झाली. शाळेचा येथे काय संबंध? तर मग अमेरिकेतील महाविद्यालयांकडे पाहावे. तेथील फुटबॉल आपल्या फुटबॉलहून वेगळा. त्यात क्वार्टरबॅक नावाचा एक गडी असतो; चेंडू प्रथम त्याच्या हाती येतो, आणि पुढे काय करावयाचे ते तोच ठरवितो. कबड्डीतील आपल्या मुख्य चढाईच्या गड्यासारखाच त्याचा मान. पूर्वी महाविद्यालय बदलणाऱ्या अशा खेळाडूस साधारणतः एक वर्ष बाहेर बसावे लागे, व शिष्यवृत्तीपलीकडे पैसा घेता येत नसे. २०२१ साली हे दोन्ही बांध फुटले. २०२५ सालापासून तर महाविद्यालये खेळाडूंस स्वतःच थेट पैसे देऊ शकतात, आणि एकेका महाविद्यालयाची त्याची वार्षिक मर्यादा दोन कोटी डॉलरांच्या वर आहे. परिणाम असा की, पुढचा क्वार्टरबॅक आपल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांत शोधण्याऐवजी दुसऱ्याच्या अंगणात शोधण्याची रीत पडली. देशातील सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूचा बहुमान २०२२ साली केलेब विल्यम्सला आणि २०२३ साली जेडन डॅनियल्सला मिळाला. दोघेही आधी दुसऱ्या महाविद्यालयात होते. ही माणसे गुणी आहेत, त्यांजविषयी आमचे काही म्हणणे नाही. पण दोन वर्षे बाकावर बसून आपली पाळी येण्याची वाट पाहणाऱ्या त्या मुलाचे काय झाले, ज्याचे नाव कोणी छापीत नाही? शिक्षकाचा पेशा पत्करलेल्या माणसास प्रथम तोच दिसतो.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू.

लिलाव आणि उचल हे शब्द एका दमात उच्चारले तर पुण्यामुंबईच्या माणसास आश्चर्य वाटेल; बीडच्या माणसास वाटणार नाही. आपल्याकडे पैसे घेऊन गाव बदलण्याची चाल प्रो कबड्डीहून किती तरी जुनी आहे. मुकादम येतो, नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता असे धरून उचल देतो, आणि दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड ट्रकमध्ये अथवा ट्रॅक्टरमागच्या गाडीत चढते. कोणी सांगली-कोल्हापूरकडे, कोणी सोलापूर-पुण्याकडे, कोणी थेट कर्नाटकात. फडातील काम उचलीत वळते होते. न फिटल्यास बाकी पुढील वर्षाच्या डोक्यावर. मुले बरोबर जातात, कारण मागे ठेवावयास कोणी नसते. धाकट्यास सांभाळण्यासाठी थोरल्या मुलीस न्यावेच लागते. आणि शालेय स्पर्धांचे पुढचे सामने, वर्षाचा अर्ध्याहून अधिक अभ्यास, सारे याच महिन्यांत येते.

आमचे म्हणणे इतकेच आहे की, आमच्या संघाचे जे गडी आम्ही गमावतो, त्यांतील शहराच्या संस्थेने नेलेला एक असतो, तर उचलीने नेलेले चार असतात. पहिल्याची गावभर चर्चा होते. दुसऱ्यांची नोंद हजेरीपटावर होते, आणि तेथेच राहते. गेल्या पाच वर्षांतील हजेरीपट आम्ही क्रीडाशिक्षकांसह चाळून पाहिले. पाचवी-सहावीत मैदानावर ज्यांचा पाय हलका आणि दम लांब असा शेरा होता, त्यांतील कित्येक आठवीच्या पटावर नव्हतेच. ज्या कोल्हापुरातून सिद्धार्थ देसाई आला, त्याच कोल्हापूरच्या उसाच्या फडात आमचा एखादा चढाईचा गडी मोळ्या वाहत असेल. आणि आम्ही मात्र शेजारच्या तालुक्यात वर्गणी घेऊन हिंडावयाचे!

आष्टी तालुक्यातील मांडवा गावच्या अविनाश साबळेचे नाव आता प्रत्येक मुलाच्या तोंडी आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोऊ येथील आशियाई क्रीडास्पर्धांत ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत त्याने सुवर्णपदक मिळविले. त्याच्या आदल्या वर्षी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धांत रौप्य. परंतु त्याच्या पायांची खरी पारख झाली ती तो सैन्यात भरती झाल्यावर. लहानपणी शाळेची वाट पळत तुडविणारा हा मुलगा सर्वांच्या डोळ्यांपुढून रोज जात होता. आम्ही येथे कोण्या शाळेस नावे ठेवीत नाही. पळत शाळेस येणारी मुले आपल्या जिल्ह्यात इतकी आहेत की, त्यांकडे वळून पाहण्याची सवयच कोणास राहिलेली नाही.

म्हणून हितचिंतकांस आमची विनंती अशी. जी रक्कम आपण एका तयार मुलावर खर्च करण्यास सिद्ध आहात, तीच दिवाळीपासून पाडव्यापर्यंत पाच-सहा मुलामुलींच्या राहण्याजेवणासाठी द्यावी. शासनाची हंगामी वसतिगृहे आहेत, संत भगवानबाबांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी वसतिगृहांची योजनाही २०२१ सालापासून आहे. त्यांचा लाभ जेथे मिळेल तेथे अवश्य घ्यावा. परंतु आमच्या पटावरील सर्वच मुलांची तेथे सोय लागत नाही, व आजीच्या भरवशावर मागे राहिलेल्या मुलास रात्रीचे जेवण मिळाले की नाही हे कोणी विचारीत नाही. यातून यंदा चढाईचा गडी निघेलच, असे वचन आम्ही देत नाही. कदाचित दोन वर्षे आपण पहिल्याच फेरीत हरू. ते आम्हांस चालेल. आणलेल्या मुलाच्या बळावर जिंकलेली ढाल कपाटात ठेवून, त्याच्यासाठी संघाबाहेर काढलेल्या आठवीतील मुलास गणित शिकवणे आम्हांस अधिक जड जाईल.

शेजारच्या तालुक्यातील त्या मुलाचाही विचार करावा. त्यास त्याची शाळा आहे, त्याचे सोबती आहेत. गुडघा दुखावला म्हणजे त्याच्या जेवणाची वर्गणी चालू राहील काय, याचे उत्तर कोणापाशी आहे? प्रो कबड्डीतील गड्याशी निदान लेखी करार होतो. पंधरा वर्षांच्या पोराशी केवळ तोंडी गोड बोलणे होते.

जो गेला, त्याच्याविषयी आमच्या मनात किंतु नाही. त्यास मॅटवर सराव मिळेल, चांगला प्रशिक्षक मिळेल. ते येथे आम्ही देऊ शकलो नसतो. मात्र ज्या पालकांस उद्या असे बोलावणे येईल, त्यांनी होकार देण्यापूर्वी काही गोष्टी अवश्य विचारून घ्याव्यात. मुलाचे नाव कोणत्या शाळेच्या पटावर राहील, तो वर्गात प्रत्यक्ष किती तास बसेल, दुखापत झाल्यास औषधपाणी कोण करील, आणि संघातून वगळल्यास तो कोठे जाईल. शासकीय नोकरीत खेळाडूंस ५ टक्के आरक्षण आहे, परीक्षेत सवलतीचे गुण आहेत, हे खरे. पण त्या नोकरीच्या अर्जासही शिक्षणाची अट असते, हे बोलावणारे सहसा सांगत नाहीत. शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीची निवड चाचणी उघडपणे होते. मुलात गुण असेल तर त्या वाटेने जावे. घरी येऊन हातात नोटा ठेवणाऱ्यास चहा द्यावा आणि विचार करून कळवितो म्हणावे.

येत्या जूनमध्ये शाळा उघडताच सहावी व सातवीच्या सर्व मुलामुलींची मैदानावर चाचणी घेण्याचे क्रीडाशिक्षकांनी मान्य केले आहे. चड्डी-बनियन पुरे; बूट असलेच पाहिजेत असे नाही. ज्या पालकांस यंदा कारखान्यावर जावयाचे आहे, त्यांनी मुकादमाची उचल घेतली असो वा नसो, दसऱ्यापूर्वी वर्गशिक्षकांस येऊन भेटावे. रविवारीही आम्ही दुपारनंतर शाळेतच असतो.