खुर्दा



माझा भाचा अठराचा. दिघ्यात राहतो, पहाटे ठाणे-बेलापूर रस्त्यावर पळतो. मिल्ट्रीत जायचंय त्याला. गेल्या महिन्यात विश्वास पाटलांची 'पानिपत' त्यानं वाचून काढली. विश्वासराव पडला तिथं पोरगं रडलं. तो पण अठराचाच होता ना! मग पुस्तक मिटून मला म्हणतो, "मामा, ह्याच्यात आपण कुठं हाय?"

त्या प्रश्नापायी हे लिहितोय. कादंबरी वाईट आहे असं मी म्हणत नाही. 1988 पासून लोक ती उगाच वाचत नाहीत, मीही दोनदा वाचलीय. पण पानिपताची जी गोष्ट शाळेपासून आपल्या कानात आहे, तीच बघा. 14 जानेवारी 1761 नंतर सावकारी चिठ्ठी आली म्हणतात. दोन मोती गेले, सत्तावीस मोहरा गेल्या, चांदी-तांब्याची मोजदाद नाही. मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब. मास्तर हे सांगताना गहिवरायचे, वर्ग गहिवरायचा, मी पण. मोजदाद नसलेलं ते तांबं कुणाची पोरं होती, हे एकानं विचारलं नाही.

त्यांना शब्द एकच. बाजारबुणगे! त्यात यात्रेकरू होते, बायका होत्या, सगळ्या जातींची माणसं होती, हे मला ठाऊक आहे. पण छावणीतलं मेलेलं जनावर कोण ओढत होतं हे सांगायला बखर लागत नाही. वर ठपका तयारच, की बुणग्यांच्या ओझ्यानं फौज बुडाली. म्हणजे मेलो आम्हीच आणि हरवलंही आम्हीच. वा रे हिशेब!

आता कोरेगावचा खांब बघा. 1 जानेवारी 1818 ची लढाई. शेवटी 'नाक' लागलेली नावं तिथं दगडात खोदलीत. इंग्रजाला आपला पुळका होता म्हणून नव्हे. त्याच इंग्रजानं 1892 च्या सुमारास महारांची भरती बंद केली. पहिल्या महायुद्धात माणूस कमी पडला तेव्हा 1917 ला 111 महार पलटण उभी केली, आणि गरज सरल्यावर 1921 ला मोडून टाकली. तरी नाव खोदलं. परक्याच्या दगडावर नाव आणि मायबोलीत खुर्दा, ही काय भानगड आहे ते आमच्या थोर साहित्यिकांनी सांगावं.

1941 ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. बाबासाहेब त्यासाठी झगडले होते. माझा आजा त्यात गेला. मिसरूड फुटलेलं नव्हतं. जोहार घालणारे हात सॅल्यूट ठोकायला शिकले. सुट्टीवर आल्यावर ही पोरं बूट घालून गावच्या चावडीपुढून कशी गेली असतील? कुणी अडवलं असेल? कुणी मुद्दाम आवाज करत गेला असेल? ह्यात कादंबरी नाही?

म्हणतील, कागद कुठंयत? अहो, विश्वासरावाच्या मनात काय चाललं होतं ते तरी कुठल्या कागदात होतं? लेखकानं ते रचलंच ना! मोत्यासाठी कल्पना चालते, तांब्याला मात्र पुरावा मागतात.

आणि आपण तरी काय केलं? अण्णाभाऊंनी 1959 ला 'फकिरा' दिली. वाट मोकळी केली. त्या वाटेनं किती जण गेलो? आत्मकथनं लिहिली, लिहायलाच हवी होती. पण आजा-पणज्याचं तरणपण दुसऱ्याच्या हवाली करून बसलो, आणि आता तो लिहीत नाही म्हणून बोंबलतोय. मी पण त्यातलाच. आजा जिता होता तोवर त्याला लढाईचं काही विचारलं नाही. पेन्शनीचं तेवढं विचारायचो.

भाचा अजून पळतोय. भरती झालाच तर 2022 च्या अग्निपथाच्या हिशेबानं चार वर्षं, मग शंभरातले पंचवीस ठेवणार. परवा त्याला आईच्या ट्रंकेतला आज्याचा डिस्चार्जचा कागद काढून दाखवला. शाई उडालीय. दोनशे पानी वही आणून दिली नि म्हणलं, ह्यावरचं नाव आधी उतरव, पुढचं लागंल तसं रच. त्यानं नाव उतरवलं. गावाचं नाव दोघांनाही वाचता आलं नाही.

— एक वाचक, दिघा