दोघांची एक चाल

मुरबे गावाच्या दक्षिणेस खाडी आणि खाडीपलीकडे सातपाटी; किनाऱ्याने उत्तरेकडे वर गेले की तारापूर, आणि ईशान्येस बोईसरची औद्योगिक वसाहत. मासेमारीवर चालणाऱ्या या गावात एका जैन कुटुंबाचे किराणा दुकान आहे. तेल, तांदूळ, साखर, चहा, मेणबत्त्या, बोटीवर न्यायचा शिधा, सर्व काही तेथे मिळते. जाळी आणि गळ मात्र कधीच मिळाले नाहीत. गावात ज्या वस्तूला सर्वाधिक मागणी, तीच दुकानात ठेवायची नाही, हा आजोबांनी घालून दिलेला दंडक तिसऱ्या पिढीपर्यंत कोणी मोडलेला नाही. बोटीचा शिधा चालतो आणि जाळे का चालत नाही, असे गिऱ्हाईक थट्टेने विचारी, तेव्हा आजोबा हसत आणि पुढच्या मालाचे वजन करू लागत.

पालघर अजून ठाणे जिल्ह्यात होते त्या काळातली, म्हणजे १९९० च्या दशकातली, ही हकिकत आहे. या घरातील दोन भावांना मामाने मुंबईहून एक टीव्ही गेम आणून दिला. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ मध्ये फॅमिकॉम नावाचे जे यंत्र काढले, त्याच्या स्वस्त नकला त्या वेळी आपल्या बाजारांत विपुल मिळत. अँटेनाच्या जागी वायर खोचायची, वरून कॅसेट दाबून बसवायची, आणि पडदा हलला तर कॅसेट काढून तिच्यात फुंकर मारायची, हा विधी त्या पिढीच्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. कॅसेटच्या लेबलावर आत काही लाख खेळ असल्याचे छापलेले असे. प्रत्यक्षात काही डझनच खेळ निरनिराळे क्रमांक लावून पुन्हा पुन्हा दाखवले जात. व्यापाऱ्याच्या घरात अशी गोष्ट फार दिवस लपत नाही. वडिलांनी एका रविवारी वहीत यादी करून, पुनरावृत्ती वजा घालून, खरा साठा किती तो काढला आणि वहीच्या त्या पानाखाली तारीख घालून सही केली.

त्या यादीत एक खेळ होता, बायनरी लँड.

भूलभुलय्याचे खेळ तोवर जगाला नवे नव्हते. तोरु इवातानी यांचा पॅक-मॅन नामको कंपनीने १९८० मध्ये बाजारात आणला होता, आणि त्याची रीत सरळ होती : दांडा एक, प्राणी एक, दांडा जिकडे, प्राणी तिकडे. बायनरी लँडने ही रीत मोडली. पडद्यावर दोन पेंग्विन, दोघांमध्ये भिंत, दोन्ही बाजूंना बोळांचे जाळे, आणि वरच्या टोकाला मध्यभागी पिंजऱ्यात बंद केलेले एक हृदय. हातात बटण मात्र एकाच संचाचे. वर दाबले की दोघे वर, खाली दाबले की दोघे खाली. पण डावीकडे दाबले की एक डावीकडे आणि दुसरा उजवीकडे, जणू समोर आरसा ठेवला आहे. ठरलेल्या वेळेत दोघांनी त्या हृदयाच्या दोन बाजूंना एकाच वेळी पोहोचायचे. एकटा पोहोचला तर उपयोग शून्य.

बटणाची ती अधिकच्या चिन्हाची रचना गुनपेई योकोई यांची. निन्टेन्डोने ती प्रथम १९८२ मध्ये हातात मावणाऱ्या एका खेळात बसवली. एका अंगठ्याने चार दिशा सांभाळाव्यात हा तिचा हेतू. एकाच अंगठ्याने दोन जीव चालवावेत ही कल्पना खेळ बनवणाऱ्यांची.

वाणिज्य शिकलेल्या माणसाला या खेळाकडे पाहताना खतावणी आठवल्याखेरीज राहणार नाही. व्यवहार एक, नोंदी दोन, त्या परस्परविरुद्ध बाजूंना. लुका पाचोली यांनी १४९४ मध्ये व्हेनिसला छापलेल्या ग्रंथात दुहेरी नोंदीची पद्धत मांडली, त्यात नावे बाजू डावीकडे येते; आपल्या देशी नाम्यात मात्र डावीकडे जमा आणि उजवीकडे नावे. म्हणजे दोन पद्धतीच एकमेकींचे प्रतिबिंब. पण खतावणीत एक सोय आहे जी या खेळात नाही. तेथे दोन्ही बाजूंची बेरीज आपोआप जुळते, नाही जुळली तर चूक लिहिणाऱ्याची. खेळात दोन्ही अर्ध्या भागांतील भिंती सारख्या नसतात. चाल तीच, पाऊल तेच. तरी एकाला मोकळा बोळ मिळतो आणि दुसऱ्याच्या कपाळावर भिंत येते. मग मेळ बसवावा लागतो, बँकेच्या पासबुकाचा आणि दुकानाच्या वहीचा बसवतात तसा.

हा मेळ कसा बसतो हे दोन भावांना कळायला बरेच दिवस लागले. प्रारंभी दोघे पेंग्विन सतत चालते ठेवण्याचा त्यांचा प्रयत्न असे, आणि त्यात अंतर वाढतच जाई. पुढे ध्यानात आले की भिंत ही अडचण नसून सोय आहे. एकजण भिंतीला टेकला की बटण कितीही दाबा, तो जागचा हलत नाही; तेवढ्या अवधीत दुसरा आपली मागे पडलेली पावले भरून काढतो. तेव्हा कौशल्य चालवण्यात नाही. कोणाला कोठे टेकवून ठेवायचे हे ओळखण्यात आहे. आणि हे एका माणसाच्या डोळ्यांना साधत नाही, कारण नजर एकाच बाजूवर ठरते. त्यावर भावांनी उपाय काढला. रिमोट थोरल्याच्या हाती आणि त्याची नजर डाव्या बाजूवर, धाकट्याने फक्त उजवी बाजू पाहायची आणि आपला पेंग्विन भिंतीला लागला की सांगायचे, “टेकला.” हा शब्द घरात असा रुजला की जेवताना पोट भरल्यावरही धाकटा ताटावर हात आडवा धरून “टेकला” म्हणू लागला.

घरातील टीव्ही कृष्णधवल होता. त्यामुळे कोणता नर आणि कोणती मादी हे त्यांना कधी कळलेच नाही. मूळ खेळात त्यांची नावे ग्युरिन आणि मालोन अशी असून ती प्रेमिकांची जोडी आहे. मुरब्याच्या त्या ओटीवर मात्र ती दोन बदके होती, भाऊभाऊ.

खेळात कोळीही होते. पेंग्विनांजवळ फवारा असे. त्याने कोळ्याला मारता येई आणि जाळे साफ करता येई. एका संध्याकाळी, चौविहार आटोपल्यावर, धाकटा आनंदाने ओरडला, “मी दोन कोळी मारले!” दुकानाच्या पायरीवर त्या वेळी तीन-चार कोळी गिऱ्हाइके बसली होती. क्षणभर शांतता झाली आणि मग असा हशा पिकला की पुढे कित्येक महिने त्या मुलाला गावात याच वाक्याने हाक पडे. बांना, म्हणजे मुलांच्या आजींना, मात्र त्यात हसू आले नाही. पडद्यावरचा का असेना, मारायची इच्छा तर मनात आलीच ना, असे त्यांनी विचारले. शेवटी तडजोड झाली : जाळ्यात अडकलेल्याला सोडवण्यासाठी फवारा चालेल, कोळ्यावर चालणार नाही. दोघांतला एक जाळ्यात सापडला तर दुसरा येऊन त्याला मोकळे करू शकतो आणि दोघेही सापडले तर डाव गेला, असा त्या खेळाचा मूळ नियमच आहे. बांच्या अटीमुळे खेळ कठीण झाला, वेळ अपुरा पडू लागला आणि एका विशिष्ट टप्प्यापुढे भाऊ कधी गेले नाहीत. त्यात वीज. शेजारी तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ पासून वीज देत होते, पण मुरब्यात बत्ती जायची ती जायचीच, आणि बत्ती गेली की पुन्हा पहिल्यापासून.

हा खेळ हडसन सॉफ्ट या कंपनीने फॅमिकॉमसाठी १९८५ मध्ये काढला. तिची कथा व्यापारी कुटुंबांनी ऐकण्याजोगी आहे. युजी आणि हिरोशी कुदो या दोन भावांनी १९७३ मध्ये जपानच्या उत्तरेकडील साप्पोरो शहरात हौशी रेडिओचालकांना लागणाऱ्या सामानाचे दुकान घातले. थोरल्या युजींना वाफेच्या इंजिनांचे वेड; हडसन हे नाव इंजिनाच्याच एका प्रकाराचे. दुकानातून संगणकाचे कार्यक्रम आले, कार्यक्रमांतून खेळ आले. १९८४ मध्ये निन्टेन्डोच्या यंत्रासाठी बाहेरून खेळ पुरवणारी ती पहिली कंपनी ठरली, आणि तिच्या लोड रनरच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. पुढे संकट आले ते खेळामुळे नव्हे. नोव्हेंबर १९९७ मध्ये होक्काइदो ताकुशोकु बँक बुडाली. हीच हडसनची मुख्य बँक. भांडवलासाठी बाहेर हात पसरावा लागला, २००१ मध्ये कोनामी कंपनी सर्वांत मोठी भागधारक झाली, आणि १ मार्च २०१२ रोजी हडसन तिच्यात विलीन होऊन संपली. धंदा उत्तम असूनही धनकोच्या पडझडीने उद्योग जातो हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना याचे आश्चर्य वाटणार नाही.

मुरब्याच्या भावांचे उलट झाले. तेथे बँक शाबूत होती.

वडील गेल्यावर वाटणी समजुतीने झाली. दुकान थोरल्याकडे राहिले. धाकट्याने बोईसरला पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना काढला, औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांना माल पुरवू लागला. कर्जाला थोरला जामीन राहिला. कागद वाचून सही केली काय आणि न वाचता केली काय, भारतीय करार कायदा, १८७२ याचे कलम १२८ सांगते की करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराचे दायित्व मूळ ऋणकोइतकेच असते. ऋणकोकडून आधी वसूल करा, मग माझ्याकडे या, असे म्हणण्याची सोय जामीनदाराला सामान्यतः नाही. आपल्या घरांत भावाला जामीन राहणे हा व्यवहार मानला जात नाही, कर्तव्य मानले जाते, आणि म्हणून त्याची चर्चाही होत नाही. चर्चा होते ती नोटीस आल्यावर.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. गिऱ्हाईक कारखान्यांकडील येणी अडकली, हप्ते थकले, खाते अनुत्पादक झाले. धाकट्याने ही गोष्ट भावाला सांगितली नाही; लाज वाटली म्हणून, आणि दोन महिन्यांत निभावेल या आशेने. थोरल्याला ती मुरब्याच्या पत्त्यावर आलेल्या नोटिशीतून कळली, तीही पोस्टमनने दुकानात गिऱ्हाइकांसमोर पाकीट दिले तेव्हा. पैशांपेक्षा हे अधिक लागले. थोरल्याने जुन्या नोटाबंद डब्यातील, म्हणजे बांच्या नावे ठेवलेल्या ठेवीतील, एक पैही यात जाणार नाही असे नातेवाइकांकरवी कळवले. धाकट्याने ती मागितलीच नव्हती. त्यानंतर संवत्सरीला ‘मिच्छामि दुक्कडम्’चा संदेश फोनवरून येई, त्याला तसेच उत्तर जाई. वर्षातून एकदा, दिवाळीनंतर नव्या वर्षाच्या सकाळी, धाकटा बांच्या पाया पडायला येई, अर्धा तास बसे, दुकानाच्या बाजूला न वळता निघून जाई.

मागच्या दिवाळीच्या साफसफाईत थोरल्याच्या मुलीला माळ्यावर तो टीव्ही गेम सापडला. अडॅप्टर निकामी झाला होता. तिने बोईसर स्टेशनबाहेरच्या दुकानातून दुसरा आणला. यंत्राची पिवळी वायर नव्या टीव्हीलाही बसली. नव्या वर्षाच्या सकाळी धाकट्याचे कुटुंब आले तेव्हा ती आणि तिचा चुलतभाऊ पडद्यासमोर बसून हैराण झाले होते. दोघांनाही दोन्ही पेंग्विन एकाच वेळी दिसत नव्हते. मुलीने बापाला हाक मारली. चोपड्या कपाटात ठेवून तो आला, आणि तिने रिमोट त्याच्या हाती दिला.

पडद्यावर रंग होते. त्याला ते नवीनच.

त्याच्या अंगठ्याला जुनी चाल आठवली, पण डाव्या बाजूपुरतीच. उजवीकडचा पेंग्विन बोळात भरकटत राहिला. आतल्या खोलीच्या उंबरठ्यावर धाकटा पायांत चपला घालायच्या बेतात उभा होता. पहिला डाव गेला. दुसऱ्या डावात उजवा पेंग्विन भिंतीशी येऊन थबकला आणि उंबरठ्यावरून आवाज आला, “टेकला.” थोरल्याने मागे पाहिले नाही. डावा पेंग्विन चार पावले वर गेला. “अजून टेकलेलाच आहे, मोटाभाई. आता सोडा.”

तो टप्पा त्यांना तेव्हाही पार झाला नाही. कोळ्यावर फवारा मारायचा नाही ही अट बांनी पलंगावरूनच मुलांना ऐकवली होती. तिसऱ्या डावाच्या मध्यावर धाकट्याने विचारले की नोटिशीवर तारीख कोणती आहे आणि उत्तर द्यायला दिवस किती उरले. थोरल्याने पडद्यावरची नजर न काढता तारीख सांगितली, मग रक्कम सांगितली, व्याजासह.

“कागद कुठे आहेत?”

“कपाटात. चोपड्यांच्या खाली. हा डाव होऊ दे.”