आपोआप थांबणारं दार

न्यू जर्सीला मुलाकडे गेलो की मला धाक एकाच गोष्टीचा : त्याच्या गॅरेजच्या दाराचा. बटण दाबलं की ते दोन मणांचं धूड खाली येऊ लागतं आणि आमचे सहा वर्षांचे नातू त्याखालून सूर मारतात. वर घरचे टाळ्या वाजवतात!

"बाबा, ऑटोमॅटिक आहे. आपोआप थांबतं," इति चिरंजीव.

'आपोआप' हा शब्द भारी लबाड! अडथळा आला की दार उलट फिरलंच पाहिजे, असा तिथला कायदा नव्या यंत्रांना 1993 पासून लागू आहे. कबूल! पण कायदा काही दर महिन्याला घरी येऊन दार तपासत नाही.

मी दीड इंच जाडीची फळी दाराखाली आडवी ठेवली. दार तिच्यावर टेकलं आणि तिथंच ठाण मांडून बसलं. "म्हणजे फळीच्या जागी..." सूनबाईंना पुढे बोलवेना.

मोटार रोज पुसणाऱ्यांनो, महिन्यातून एकदा ही फळी ठेवून बघा. दार परतलं नाही, तर दुरुस्त होईपर्यंत बटणाला हात लावू नका. एरवीही ते मुलांच्या हाती लागणार नाही इतकं उंच हवं.

आणि टाळ्या? नातू दार पुरतं बंद होईपर्यंत लांब उभा राहिला, की खुशाल वाजवा!