हृदयरोग आणि पूरक औषधे : डॉक्टरांना न सांगितलेली दुसरी यादी

हृदयविकाराच्या झटक्यातून बचावलेला रुग्ण घरी परततो, तेव्हा त्याच्यापाशी औषधांची एक यादी असते. रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या गोळ्या, कोलेस्टेरॉल कमी करणारे स्टॅटिन आणि रक्तदाबाची गोळी, असे तिचे साधारण स्वरूप असते. पुढच्या काही आठवड्यांत तिच्या जोडीला दुसरी यादी तयार होऊ लागते. शेजाऱ्यांनी सुचवलेले अर्जुनारिष्ट, कार्यालयातील सहकाऱ्याने आणून दिलेल्या माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, सकाळी अनशापोटी दुधीचा रस आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे लसूण, आले, लिंबू, व्हिनेगर व मध यांचे मिश्रण असे काहीबाही तिच्यात जमा होते. ही यादी कोणत्याही कागदावर नसते आणि तपासणीच्या वेळी ती डॉक्टरांच्या कानावरही घातली जात नाही.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात अशी दुसरी यादी कोणालाच अनोळखी नाही. पूरक औषधे चांगली की वाईट, एवढ्यापुरतीच तिच्याविषयीची चर्चा सहसा मर्यादित राहते. प्रत्यक्षात अधिक गंभीर प्रश्न वेगळा आहे. ही औषधे हृदयरोगतज्ज्ञांना ठाऊक नसताना घेतली जातात, आणि कित्येकदा मूळ औषधांच्या जागी घेतली जातात.

अंतर, वेळ आणि पैसा

२०११ च्या जनगणनेनुसार या तिन्ही शहरांची लोकसंख्या मिळून नऊ लाखांहून अधिक होती. त्यानंतर, विशेषतः बदलापुरात, ती झपाट्याने वाढली. शासकीय आरोग्यसेवेचा मुख्य भार उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयावर आहे. मुरबाड, कर्जतपर्यंतचे रुग्णही तेथे येतात. अंबरनाथमध्ये डॉ. बी. जी. छाया रुग्णालय आणि बदलापुरात ग्रामीण रुग्णालय आहे. मात्र गुंतागुंतीचा हृदयरोग असला की शासकीय सेवेवर अवलंबून असणाऱ्या रुग्णाला कळवा, शीव किंवा परळची वाट धरावी लागते. बदलापूर ते मुंबई छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे ६८ किलोमीटर आहे. लोकलच्या गर्दीतून हृदयरुग्णाला घेऊन जायचे, बाह्यरुग्ण विभागात रांगेत उभे राहायचे आणि काही मिनिटांच्या तपासणीनंतर परतायचे, यात एक माणसाचा पूर्ण दिवस आणि त्या दिवसाची मजुरी जाते.

अँजिओप्लास्टी मात्र पूर्वीपेक्षा आवाक्यात आली आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली. औषधाचा लेप असलेल्या स्टेंटची कमाल किंमत तेव्हा २९,६०० रुपये ठरवण्यात आली. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतूनही ही शस्त्रक्रिया होते. त्यानंतरची वर्षानुवर्षांची औषधे हा भाग मात्र बहुतेक कुटुंबांना स्वतःच्या खिशातून सांभाळावा लागतो. महिन्याच्या ठरावीक पैशांत सातशे-आठशे रुपयांचा पूरक औषधाचा डबा घेतला, की कात्री कुठे लागते हे सांगण्याची गरज नाही. त्यातच मूळ औषधांविषयी 'केमिकल', 'किडनी खराब करणारी', 'आयुष्यभर चिकटणारी' असे बोलले जाते, तर डब्यावर 'नैसर्गिक' हा शब्द ठळक छापलेला असतो.

हृदयरोगानंतर मूळ औषधे प्रत्यक्षात किती जण घेतात, याची मोजणी 'प्युअर' या आंतरराष्ट्रीय अभ्यासाने केली. 'लॅन्सेट' या नियतकालिकात २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, भारताचा समावेश असलेल्या कमी उत्पन्नाच्या देशांच्या गटात हृदयरोग वा पक्षाघात होऊन गेलेल्यांपैकी अवघे ३.३ टक्के लोक स्टॅटिन घेत होते. गुठळी रोखणारी गोळी घेणारे ८.८ टक्के होते. पूरक औषधांचा प्रश्न या पार्श्वभूमीवर पाहावा लागतो.

दावे आणि पुरावे

पूरक औषधांकडे आधुनिक वैद्यकाने ढुंकूनही पाहिले नाही, असा एक समज आहे. वस्तुस्थिती तशी नाही. गेल्या पंचवीस वर्षांत त्यांच्यावर हजारो रुग्णांच्या सहभागाने चाचण्या झाल्या आहेत.

माशाच्या तेलातील ओमेगा-३ हे त्याचे ठळक उदाहरण. इटलीतील ११ हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासाने १९९९ मध्ये मोठी आशा निर्माण केली होती. पुढे २०१८ मध्ये 'व्हायटल' ही सुमारे २६ हजार निरोगी व्यक्तींवरील आणि 'असेंड' ही १५ हजारांवर मधुमेहींवरील चाचणी पूर्ण झाली. दोन्हींत मुख्य कसोटीवर फायदा दिसला नाही. त्याच वर्षीच्या 'रिड्यूस-इट' चाचणीत हृदयविकाराच्या घटना २५ टक्क्यांनी घटल्या. मात्र तेथे रोज चार ग्रॅम शुद्ध केलेले, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारे औषध दिले होते, आणि रुग्ण ट्रायग्लिसराइड वाढलेले होते. दुकानात मिळणाऱ्या हजार मिलिग्रॅमच्या साध्या कॅप्सूलमध्ये उपयुक्त ओमेगा-३ बहुधा तीनशे मिलिग्रॅमच्या आसपासच असते. शिवाय मोठ्या मात्रेत हृदयाची लय बिघडण्याचे, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनचे, प्रमाण वाढलेले आढळले.

जीवनसत्त्वांची कहाणी अधिक सरळ आहे. ब्रिटनमधील २०,५३६ जणांच्या अभ्यासात ई व क जीवनसत्त्वे आणि बीटा कॅरोटिन पाच वर्षे देऊनही काही फरक पडला नाही, हे २००२ मध्येच स्पष्ट झाले. होमोसिस्टिन कमी करण्यासाठी दिलेल्या फॉलिक आम्लाच्या २००६ मधील चाचण्याही हृदयविकाराचा झटका रोखू शकल्या नाहीत.

आपल्याकडील वनस्पतींचे चित्र संमिश्र आहे. अर्जुनसादड्याच्या सालीचा हृदयरोगातील वापर जुना आहे. दिल्लीच्या 'एम्स'मध्ये हृदय कमकुवत झालेल्या शंभर रुग्णांना नेहमीच्या औषधांसोबत बारा आठवडे या सालीचा अर्क देण्यात आला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार हृदयाची रक्त बाहेर टाकण्याची क्षमता वाढली नाही, पण रुग्णांच्या हालचालींच्या क्षमतेत आणि त्रासात काही सुधारणा दिसली. गुग्गुळावर भारतीय संशोधकांनी दीर्घकाळ काम केले. तथापि २००३ मध्ये अमेरिकेत १०३ जणांवर झालेल्या चाचणीत घातक कोलेस्टेरॉल कमी होण्याऐवजी चार ते पाच टक्क्यांनी वाढले. हृदय कमकुवत असलेल्यांसाठी को-एन्झाइम क्यू-१० हे आशादायक मानले जाते. २०१४ च्या 'क्यू-सिम्बियो' चाचणीत त्याचा फायदा दिसला, परंतु रुग्ण अवघे ४२० होते.

'आधी नैसर्गिक उपाय करून पाहू, मग स्टॅटिन' या विचाराची थेट तपासणी अमेरिकेतील 'स्पोर्ट' चाचणीने २०२२ मध्ये केली. १९० जणांनी पूर्ण केलेल्या या अभ्यासात स्टॅटिनच्या लहानशा मात्रेने २८ दिवसांत घातक कोलेस्टेरॉल जवळजवळ ३८ टक्क्यांनी उतरले. माशाचे तेल, दालचिनी, लसूण, हळद, वनस्पतिजन्य स्टेरॉल आणि लाल यीस्ट तांदूळ यांच्यापैकी एकाचाही परिणाम औषध नसलेल्या बनावट गोळीपेक्षा वेगळा ठरला नाही. ही चाचणी अल्पकाळाची होती, हेही लक्षात घ्यायला हवे.

शिरेतून द्रव सोडून रक्तवाहिन्यांतील अडथळे 'धुऊन काढण्याचा' दावा करणारी किलेशन पद्धती हा खर्चिक प्रकार. १,७०८ रुग्णांवरील २०१३ च्या चाचणीत तिचा थोडा फायदा दिसला होता, विशेषतः मधुमेहींमध्ये. म्हणून मधुमेह असलेल्या एक हजार रुग्णांवर ती पुन्हा तपासली गेली. २०२४ मध्ये निकाल आला, तेव्हा उपचार घेणारे आणि न घेणारे यांच्यात फरक उरला नव्हता.

धोका कुठे?

यातील बरेचसे पदार्थ एकट्याने घेतले तर निरुपद्रवी असतात. हृदयरुग्ण मात्र ते एकटे घेत नाही. त्याच्या पोटात आधीच चार-पाच औषधे असतात. स्टेंट बसवल्यावर काही महिने अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलसारखी दुसरी गोळी एकत्र घ्यावी लागते. त्यात लसणाचा तीव्र अर्क, गिंको किंवा मोठ्या मात्रेतील ई जीवनसत्त्व यांची भर पडली, तर रक्तस्राव वाढू शकतो. कृत्रिम झडप बसवलेल्या रुग्णाला वॉरफॅरिन किंवा अ‍ॅसिनोकुमारॉल घ्यावे लागते. अशा रुग्णाने अचानक गव्हांकुराचा रस किंवा हिरव्या पाल्याची भुकटी भरपूर घ्यायला सुरुवात केली, तर त्यातील के जीवनसत्त्वामुळे औषधाचा प्रभाव घटतो आणि झडपेवर गुठळी धरू शकते.

ज्येष्ठमध खोकल्यावर घरोघरी दिले जाते. ते दीर्घकाळ घेतल्यास शरीरात क्षार आणि पाणी साचते, रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम घटते. डिगॉक्सिन घेणाऱ्याला हे घातक ठरू शकते. उलट, 'लो सोडियम' मिठात पोटॅशियम असते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांसोबत ते रक्तात धोकादायक पातळीवर जाऊ शकते. गुग्गुळामुळे प्रोप्रॅनोलॉल आणि डिल्टियाझेम या हृदयाच्या औषधांचे शोषण कमी होते, हे १९९४ मध्ये मुंबईतील संशोधकांनीच दाखवून दिले होते. लाल यीस्ट तांदळात तर लोव्हास्टॅटिन हेच रसायन असते. ज्याला स्टॅटिन टाळायचे आहे तो नकळत तेच घेतो, आणि जो आधीच घेत आहे त्याची मात्रा वाढते.

दुधीच्या रसाचे उदाहरण तर घराजवळचे. २०१० मध्ये दिल्लीत कडू दुधीचा रस पिऊन एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाल्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. रस कडू लागल्यास तो मुळीच पिऊ नये, असा समितीचा निष्कर्ष होता. कडवटपणाला कारणीभूत असणारी कुकुरबिटॅसिन ही द्रव्ये विषारी असतात. २०१८ मध्ये पुण्यातही असा रस प्यायल्यानंतर एका महिलेचा मृत्यू झाल्याचे वृत्त आले होते. 'औषध आहे, कडू असणारच' ही समजूत येथे जिवावर बेतते.

सर्वांत मोठा धोका अर्थात मूळ गोळी बंद करण्याचा. स्टेंट बसवल्यानंतर गुठळी रोखणाऱ्या गोळ्या वेळेआधी थांबवल्या, तर स्टेंटच अचानक बंद पडून पुन्हा झटका येऊ शकतो. छातीत दुखत नाही, याचा अर्थ गोळीची गरज संपली असा होत नाही.

कायद्याची चौकट

औषधी आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम १९५४ च्या परिशिष्टात हृदयरोग आणि रक्तदाब यांचा समावेश आहे. हे विकार बरे करण्याची जाहिरात करण्यास त्यामुळे मनाई आहे. पूरक पदार्थ मात्र अन्न म्हणून, अन्नसुरक्षा कायदा २००६ खाली येतात. २०१६ च्या नियमावलीने त्यांच्या वेष्टनावर 'औषधी वापरासाठी नाही' असे लिहिणे बंधनकारक केले. डब्यावर एक मजकूर आणि तोंडी प्रचारात दुसराच, अशी ही विसंगती आहे. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात किंवा घरोघरी विक्री करणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून होणाऱ्या प्रचारापर्यंत कायद्याचा हात सहजी पोहोचत नाही.

चर्चा कशी व्हावी?

मग उरते ती तपासणीच्या खोलीतील चर्चा. ती न होण्याची जबाबदारी दोन्ही बाजूंकडे जाते. डॉक्टर रागावतील म्हणून रुग्ण सांगत नाही, आणि रांग मोठी म्हणून डॉक्टर विचारत नाहीत. 'हे सगळे फेकून द्या' एवढेच ऐकून आलेला रुग्ण पुढच्या खेपेस गप्प राहतो. त्याऐवजी 'आणखी काय काय घेता?' हा एक प्रश्न प्रत्येक तपासणीत विचारला गेला, तरी पुष्कळ काही साधेल.

रुग्णाच्या कुटुंबानेही काही गोष्टी पाळता येतील. काढे, चूर्णे, रस आणि वेगळे मीठ यांच्यासह घेतले जाणारे सर्व काही एका कागदावर लिहावे. डबे व बाटल्या पिशवीत घालून सोबत न्याव्यात. नवे काही सुरू करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : याने माझ्या आजारात नेमका काय फायदा होतो, माझ्या कोणत्या गोळीशी त्याचे जमणार नाही, आणि किती दिवसांनी कोणत्या तपासणीतून परिणाम कळेल? शस्त्रक्रिया किंवा दात काढण्यापूर्वी ही यादी दाखवणे विशेष आवश्यक आहे. पैशांची ओढ असेल तर तेही स्पष्ट सांगावे. जनऔषधी केंद्रांत स्टॅटिनसारख्या गोळ्या बऱ्याच स्वस्तात मिळतात.

दर वेळी परळला जाणे ज्यांना शक्य नाही, त्यांच्यासाठी फॅमिली डॉक्टर आणि औषधविक्रेता हे जवळचे दुवे आहेत. महाराष्ट्राच्या उपनगरांत फॅमिली डॉक्टरांमध्ये आयुर्वेद वा होमिओपॅथीच्या पदवीधरांची संख्या मोठी आहे. अर्जुनारिष्टाविषयी रुग्ण त्यांच्याशी मोकळेपणाने बोलतो. त्यांनी ही यादी तयार करून हृदयरोगतज्ज्ञांपर्यंत पोहोचवली, तर दोन्ही उपचारपद्धतींमधील दरी रुग्णापुरती तरी कमी होईल.

पारंपरिक उपाय आणि आधुनिक उपचार एकत्र तपासता येतात, याचे उदाहरण भारतातच आहे. झटका येऊन गेलेल्या ३,९५९ रुग्णांवर देशातील २४ केंद्रांत योगाधारित पुनर्वसनाची चाचणी झाली. मृत्यू किंवा पुन्हा झटका येण्याच्या प्रमाणात निर्णायक घट दिसली नाही. मात्र रुग्णांचे जीवनमान सुधारले आणि ते पूर्वीच्या कामांकडे अधिक चांगल्या रीतीने परतले. या चाचणीत योग औषधांच्या जागी नव्हता, औषधांच्या जोडीला होता. बदलापूर किंवा उल्हासनगरच्या घरात दुसरी यादी तयार होणारच असेल, तर तिचेही स्थान तेच असावे, आणि ती पहिली यादी लिहिणाऱ्या डॉक्टरांच्या नजरेखालून गेलेली असावी.