रस्त्याची न्याय्य वाटणी

पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची पाळी सुटली की कामगारांच्या सायकलींनी रस्ता भरून जाई. आज तोच सायकलस्वार स्वतःच्या शहरात उपरा झाला आहे. हे कालौघात आपोआप घडले असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

रस्त्यावरील जागेची वाटणी वाहनांऐवजी माणसांचा विचार करून व्हावी, हे तत्त्व केंद्र सरकारने २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात मान्य केले. त्याच वर्षी पुण्यात जलद बसमार्ग सुरू झाला व त्यालगत सायकलमार्ग आखले गेले. २०१७ मध्ये तर महापालिकेने आठशे किलोमीटरांहून अधिक सायकलमार्गांचा आराखडा मंजूर केला. प्रत्यक्षात जे मार्ग झाले ते तुकड्यातुकड्यांनी. कोठे मध्येच विजेचा खांब, कोठे मोटारींचा तळ. आणि जेथे संरक्षणाची खरी गरज, त्या चौकापाशी मार्गच संपतो. दरवर्षी ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता पादचाऱ्यांसाठी मोकळा करण्याचा उपक्रम २०२१ पासून सुरू झाला. उपक्रम स्वागतार्ह आहे; परंतु उरलेल्या ३६४ दिवसांचे काय, हा प्रश्न त्यातूनच उभा राहतो.

या प्रश्नाचे मूळ अर्थकारणात आहे. शहरातील जमीन ही सर्वांत महाग सार्वजनिक संपत्ती होय. एक मोटार जेवढी जागा अडवते, तेवढ्या जागेत दहा सायकली सहज उभ्या राहतात. रस्त्याकडेला दिवसभर फुकट उभ्या राहणाऱ्या मोटारीला समाज जे अनुदान देतो, त्याची नोंद कोणत्याही अंदाजपत्रकात सापडत नाही. उलट घरकामाला पायी जाणारी स्त्री अथवा सायकलीने कामावर जाणारा बांधकाम मजूर यांच्यासाठी सलग, सुरक्षित वाट मागितली की निधीची चणचण पुढे केली जाते. ज्याची मजुरी कमी, त्याला बसभाड्याची प्रत्येक वाढ चालण्यास भाग पाडते. आणि त्याच्याच वाट्याला सर्वांत धोक्याचा रस्ता येतो.

पदपथ मोकळे करण्याच्या नावाखाली पथारीवाल्यांवर घाला घालण्याची एक सोयीस्कर पळवाट येथे संभवते. तिला ठाम विरोध केला पाहिजे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्यांना संरक्षण दिले आहे. जागा काढायची ती मोटारतळांतून. गरिबाच्या टोपलीखालून नव्हे.

विनाअडथळा पदपथ हा संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील जीवनाच्या हक्काचा भाग असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये दिला. तथापि न्यायालयाने मान्य केलेला हक्क संघटित मागणीवाचून पदरात पडत नाही, हा कामगार चळवळीचा जुना अनुभव आहे. कार्यकर्त्यांनी आपल्या प्रभागातील शाळा, बाजार, बसथांबे व कारखाने जोडणाऱ्या वाटांची पाहणी करावी, त्या कोठे तुटतात याची नोंद करावी आणि अंदाजपत्रकाच्या वेळी तिच्या आधारे जाब विचारावा. रस्त्याच्या वाटणीचा लढा हा समतेच्याच लढ्याचा भाग आहे.